दावण आणि पंचनामा

शहरात वसंत हा व्याख्यानांचा ऋतू आहे. दिवसाचा उकाडा ओसरला, की खुर्च्या मांडल्या जातात आणि आपण सारे चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकण्यासाठी जमतो. याच दिवसांत, याच सायंकाळच्या वेळी, माणदेशातला किंवा आष्टी-पाटोद्याकडचा शेतकरी आपल्या कडब्याच्या गंजीकडे पाहत मनाशी हिशेब मांडीत असतो. पेंढ्या उरल्या किती, आणि मृगाला दिवस किती? हे गणित जुळले तर पोळ्याला त्याच्या दारात बैल असतो. न जुळले तर येत्या बाजाराला तो जनावराचे दावे सोडतो. आपला ऋतू आणि त्याचा ऋतू एकच आहे. म्हणूनच आजचा विषय या व्यासपीठावर अगदीच परका ठरू नये, अशी आमची आशा आहे.

विषय असा, की आपत्ती कोसळली असता जनावरे पाळणाऱ्या माणसाला सरकारने काय दिले, केव्हा दिले आणि काय समजून दिले. वरवर पाहता हा सरकारी आकड्यांचा रुक्ष विषय वाटेल. परंतु राज्यकर्त्याने संकटकाळी कुणाला काय दिले यावरून तो रयतेकडे कोणत्या नजरेने पाहतो हे जितके स्पष्ट दिसते, तितके त्याच्या जाहीरनाम्यांवरून दिसत नाही. आमच्या मते या मदतीच्या तीन तऱ्हा इतिहासात दिसतात. पहिली, गेलेले जनावर पुन्हा घेण्यासाठी पैसा देण्याची. दुसरी, असलेले जनावर जगवण्याची. आणि तिसरी, मेलेल्या जनावराचे मोल मोजून हातावर ठेवण्याची. या तिन्हींचा प्रवास आज आपण पाहू.

आरंभ आपल्याच घरापासून करू. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी दक्षिण कोकणातील प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र लिहिले. इतिहासाच्या अभ्यासकांना ते सुपरिचित आहे. पण आजच्या दृष्टीने त्यातील एक भाग पुन्हा नीट पाहण्याजोगा आहे. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्याजवळ कष्टाला माणूस आहे पण बैल आणि दाणे नाहीत त्याचे काम त्यावाचून अडले आहे असे समजावे, आणि त्याला बैल घेण्यासाठी रोख पैसा व पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, असा त्याचा आशय आहे. दिलेल्याची वसुली व्याजाविना, केवळ मुद्दलाची, आणि तीही त्या माणसाला ताकद येईल तसतशी करावी. या कामी त्या मामल्यात दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, अशी मुभाही दिली आहे.

या आज्ञेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, मदत मागायला कुणब्याने कचेरीत यायचे नाही. सुभेदाराने गावी जायचे आहे. दुसरी, मदतीचे माप जमिनीवर नाही, जनावर किती मेले यावरही नाही. माणसाच्या अंगी असलेल्या कष्टाच्या शक्तीवर आहे. तिसरी, परतफेडीची मुदत कॅलेंडर ठरवीत नाही, शेतकऱ्याची ऐपत ठरवते. यात दानधर्माचा भाव फारसा नाही. बैल उभा राहिला तर जमीन कसली जाईल, जमीन कसली तर सारा येईल, हा रोखठोक हिशेब त्यामागे आहेच. पण हिशेब करणाऱ्याला दावणीला बैल नसणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते.

आता दोन शतके पुढे येऊ, आणि क्षणभर इंग्लंडात जाऊ. १८६५ मध्ये तेथे गुरांची मोठी साथ आली. तिलाच आपल्याकडे बुळकांड्या म्हणतात. गोठेच्या गोठे रिकामे झाले. तेव्हा पार्लमेंटने फेब्रुवारी १८६६ मध्ये कायदा केला, की रोगी जनावर सक्तीने मारून टाकावे आणि मालकाला त्याच्या निम्म्या किमतीइतकी, पण २० पौंडांच्या आत, भरपाई द्यावी. संसर्गात आलेले निरोगी जनावर मारावे लागले तर तीन चतुर्थांश किंमत, २५ पौंडांच्या आत, द्यावी. मेल्या जनावराचे मोल देण्याच्या आधुनिक पद्धतीमागचे तत्त्व येथे स्वच्छ दिसते. सार्वजनिक हितासाठी सरकार तुमचे जनावर घेते, म्हणून त्याची किंमत सार्वजनिक तिजोरीतून दिली जाते. भरपाई ही कृपा नसून देणे आहे, हे तत्त्व त्या कायद्यात गृहीत धरलेले होते.

तेच साम्राज्य हिंदुस्थानात मात्र निराळे वागले. येथेही गुरांच्या साथींची चौकशी करण्यास आयोग नेमला गेला आणि १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला. सक्तीने गुरे मारण्याचा मार्ग लोकभावनेमुळे येथे खुला नव्हता; आणि मारणे नाही म्हणून भरपाईही नाही. उपाय शोधावयाचा तो प्रयोगशाळेतच. १८८९ मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली ती पुण्यात, आणि १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. पुढे तेथेच बुळकांड्यावरच्या लशीचे महत्त्वाचे काम झाले. त्याआधी १८८६ मध्ये मुंबईस परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडले होते. हे कार्य मोठे होते यात शंका नाही. पण साथीत ज्याचा बैल मेला, त्याच्या हाती काय पडले, या प्रश्नाचे उत्तर बराच काळ ‘काही नाही’ असेच होते.

मग आला १८७६ ते ७८ चा दुष्काळ. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झालेली होती. या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून वृत्तान्त गोळा केले आणि ते सरकारपुढे व लोकांपुढे मांडले. शहरातील सुशिक्षित माणसांनी खेड्यातील आपत्तीची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा हा आपल्याकडील आरंभीचा मोठा उद्योग होय. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवर दिवसाला सुमारे एक पौंड धान्याइतकी मजुरी ठरवली, तेव्हा मजुरांनी कामे सोडली आणि सभेने त्यांचा कैवार घेतला, हे आपण वाचलेले असते. त्या वादाच्या पाठीमागे आणखी एक प्रश्न उभा होता. त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

इंग्रजी अमलातील दुष्काळी मदतीचा पाया म्हणजे कसोटी. जो खडी फोडायला येईल तो खरा गरजू. जो येणार नाही त्याचे अजून भागते आहे. माणसाच्या बाबतीतही ही कसोटी निष्ठुर होती. पण बैलाचे काय? बैल खडी फोडायला जाऊ शकत नाही. त्याची गरज सिद्ध करायला कसोटीच नाही. शिवाय मालक खडीवर गेला तर बैलाला पाणी कोण पाजणार? म्हणजे शेतकऱ्याने मदत घ्यावी तर बैल सोडावा, आणि बैल राखावा तर मदतीवाचून राहावे, असा पेच पडला. पहिल्या झडीलाच जनावरे कवडीमोलाने बाजारात येत ती यामुळे. पाऊस पडला तेव्हा माणूस वाचलेला होता, पण नांगर ओढायला दावणीला कुणी उरले नव्हते. दुष्काळ संपल्याची नोंद सरकारने केली. शेतकऱ्याचा दुष्काळ आणखी काही वर्षे चालू राहिला.

या अनुभवातून काही शहाणपण आले, हे मान्य केले पाहिजे. रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. गुरांसाठी राखीव जंगले चराईला खुली करणे, वैरण दुरून आणणे, अशा गोष्टींना त्या संहितांत स्थान मिळाले. १८८४ मध्ये शेतकरी कर्जाचा कायदा झाला. संकट निवारणासाठी आणि बियाणे व जनावरे खरेदी करण्यासाठी सरकारने कर्ज द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले. हीच आपली तगाई. दिवाणी कायद्यानेही शेतीला आवश्यक असे बैल व अवजारे सावकाराच्या जप्तीतून वगळली. म्हणजे कोर्टाच्या बेलिफापासून बैलाला संरक्षण मिळाले. उन्हाळ्यापासून मिळाले नाही.

येथे महात्मा फुल्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी लिहिला तो याच काळात, १८८३ च्या सुमारास. गायराने आणि डोंगर जंगलखात्याने आपल्याकडे घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांची उपासमार होऊ लागली, ही त्यांची तक्रार होती. १८७८ चा जंगल कायदा झालेला होता. आता नीट पाहा. एका हाताने जे कुरण चांगल्या वर्षी बंद केले, तेच दुसऱ्या हाताने वाईट वर्षी उघडले, आणि त्या उघडण्याला सरकारदरबारी ‘सवलत’ असे नाव मिळाले. जी गोष्ट पूर्वी वहिवाट होती, तीच आता उपकार झाली. तगाईचेही तसेच. प्रभावळीच्या पत्रातील मदतीला व्याज नव्हते, मुदतीचा जाच नव्हता. तगाईला व्याज होते, जामीन होता आणि हप्ते चुकले तर महसुलासारखी वसुली होती.

१८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील गुजरात भागात जनावरांचा जो संहार झाला, त्याने सरकारही हादरले. ज्या प्रांताची ख्याती गाईबैलांसाठी, तेथेच गोठे ओस पडले. मॅकडोनेल आयोगाने १९०१ मध्ये अहवाल दिला, त्यात एक महत्त्वाचा विचार मांडला. मदत लवकर जाहीर करावी, तगाई आधी वाटावी, सारातहकुबी वेळेवर सांगावी; म्हणजे शेतकऱ्याचा धीर सुटत नाही, आणि धीर सुटला नाही तर तो स्वतःच पुष्कळसे सावरतो. आमच्या समजुतीप्रमाणे या साऱ्या इतिहासाचे सार यात आहे. जनावराच्या बाबतीत तर ते दुपटीने खरे आहे. उपाशी बैल सरकारी ठरावाची वाट पाहत महिनाभर उभा राहत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले मोठे यश रोगाविरुद्धचे आहे. १९५४ मध्ये बुळकांड्याच्या उच्चाटनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जगच. ज्या रोगाने शतकानुशतके गोठे उठवले, त्याचे नावही आज तरुण शेतकऱ्याला ठाऊक नाही. सरकारी खर्चाचा याहून सार्थ उपयोग दाखवणे कठीण आहे. मेल्या जनावराची भरपाई देण्यापेक्षा जनावर मरूच न देणे किती स्वस्त आणि किती श्रेयस्कर, याचा हा धडा आहे.

दुष्काळाच्या बाबतीत मात्र तो धडा आपण अर्धाच गिरवला. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने माणसांसाठी जे केले ते अपूर्व होते. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी पुढे कायद्याने पक्की झाली. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. पण पुन्हा तेच: हक्क खडी फोडणाऱ्याला मिळाला, खडी न फोडणाऱ्या मुक्या जिवाला मिळाली ती त्या त्या वर्षीच्या ठरावातली मदत. माणसाच्या मदतीने दानापासून हक्कापर्यंतचा प्रवास केला. जनावराची मदत ठरावापाशीच थांबली.

यानंतर आपत्तीच्या खर्चाला ठरीव चौकट आली. १९९० पासून आपत्ती निवारण निधी, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, २०१० पासून, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. आपल्यासारख्या राज्यात त्यातील तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा व एक चतुर्थांश राज्याचा असतो. या निधीच्या निकषांत जनावरांचे दर बांधून दिलेले आहेत. २०१५ ते २०२० च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीस ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलास २५,०००, वासरास १६,००० आणि शेळी-मेंढीस ३,००० असे दर होते. २०२२ च्या निकषांत ते अनुक्रमे ३७,५००, ३२,०००, २०,००० आणि ४,००० झाले. एका कुटुंबाला दुभती मोठी जनावरे तीनपर्यंत, किंवा लहान जनावरे तीसपर्यंत, अशी मर्यादाही निकषांत घातलेली आहे.

हे दर अपुरे आहेत, चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या आसपास जाते, हे कोणीही सांगेल. पण आमचा मुख्य आक्षेप दराविषयी नाही. या पद्धतीत आपत्तीची खूण म्हणजे मृत्यू. वीज पडली, पुरात वाहून गेले, तलाठी आला, पशुवैद्याने दाखला दिला, पंचनामा झाला, म्हणजे नुकसान झाले. दुष्काळात मात्र जनावर बहुधा मरत नाही. मरण्याआधी ते विकले जाते. साठ हजारांची गाय पंचवीस हजारांना गेली, तर पस्तीस हजारांचे नुकसान कोणत्या कागदावर चढते? विकलेल्या जनावराचा पंचनामा होत नाही. म्हणून महाराष्ट्रातील सर्वांत मोठी पशुहानी सरकारी दप्तरात कुठे दिसतच नाही. ती बाजार समितीच्या पावत्यांत विखुरलेली असते.

या उणिवेवर आपल्याकडे निघालेला उपाय म्हणजे चारा छावणी. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात हजाराहून अधिक छावण्यांत आठ लाखांवर जनावरे होती. आरंभी मोठ्या जनावरामागे दिवसाला ७० आणि लहानामागे ३५ रुपये अनुदान होते. ते वाढत मे महिन्यात १०० आणि ५० झाले. त्या उन्हाळ्यात अशा एका छावणीत आम्ही दोन दिवस काढले. उसाच्या वाढ्यांचा वास, पाण्याच्या टाकीभोवतीची गर्दी, आणि पालाखाली जनावरांशेजारीच मांडलेली चूल. एका वृद्ध बाईंना आम्ही विचारले, “आजी, घर सोडून इथं किती दिवस?” त्या म्हणाल्या, “घर कुठं सोडलंय बाबा? घर हे काय, रवंथ करतंय.” इतक्या दिवसांत आम्ही वाचलेल्या कोणत्याही अहवालाने आम्हांला एवढे शिकवले नव्हते.

हिशेबाच्या अंगानेही पाहू. दिवसाला १०० रुपये धरले, आणि फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंतचे १५० दिवस धरले, तर एका मोठ्या जनावरामागे १५,००० रुपये होतात. त्या वेळी मेलेल्या दुभत्या जनावराची भरपाई ३०,००० होती. म्हणजे जगवण्याचा खर्च मेल्याच्या मोलाच्या निम्मा. आणि शिवाय जनावर जिवंत, दूध चालू, शेण शेतात. तिजोरीच्या दृष्टीने पाहिले तरी दावण पंचनाम्यापेक्षा स्वस्त पडते.

छावण्यांत गैरव्यवहार होतात, जनावरे कागदावर वाढतात, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. त्यावर कानातल्या बिल्ल्यांची सक्ती आली; २०२४ मध्ये तर राज्याने बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्तीची भरपाई मिळणार नाही असे ठरवले. नोंद हवी, यात वाद नाही. पण प्रत्येक सुधारणेचा भार ज्याच्याकडे बिल्ला मारायला कोणी पोचलेच नाही त्याच्यावर पडावा, हे न्यायाचे नाही. सुभेदाराने गावोगाव जावे, ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची आज्ञा येथे आठवते. तसेच २०१५ मध्ये राज्याने गोहत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढवला. त्या कायद्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. पण ज्याने बाजाराची वाट अरुंद केली, त्याने गव्हाणीची वाट रुंद केली पाहिजे, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

आणखी एका माणसाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय संपवता येणार नाही. तो म्हणजे मेंढपाळ धनगर. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस आणि गारठा यांनी जुन्नर, आंबेगाव, पारनेरकडील माळांवर उघड्यावर बसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने मेल्या. शंभर-दीडशे मेंढ्यांचा कळप असलेल्या कुटुंबाला तीसची मर्यादा म्हणजे काय, याचा विचार करा. ज्याचे शेत नाही, गाव स्थिर नाही, त्याचा पंचनामा कोणत्या तलाठ्याने करावयाचा, हा प्रश्न तर त्याही आधीचा. मर्यादा अचल नाहीत, हेही आपण पाहिले आहे. २०२२ च्या लंपीच्या साथीत, रोग हा नैसर्गिक आपत्तीच्या यादीत बसत नसतानाही, राज्याने गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये दिले; आणि २०२५ च्या मराठवाड्यातील पुरानंतर तीन जनावरांची अट शिथिल करण्याचे जाहीर केले. म्हणजे नियम वाकतो. मात्र आक्रोश मोठा झाल्यावर वाकतो. मेंढपाळाचा आक्रोश माळावरच विरतो.

२०१९ सालाचे एक चित्र डोळ्यांपुढे आणा. एकाच सांगली जिल्ह्यात उन्हाळ्यात जत-आटपाडीकडील शेतकरी पाण्यावाचून जनावरे घेऊन बसला होता, आणि ऑगस्टात कृष्णाकाठचा शेतकरी पुराच्या पाण्यात, जनावरे सोडून होडीत चढायला तयार नव्हता. एकीकडे पाणी नाही, दुसरीकडे पाणीच पाणी. पण दोघांच्या हातातले दावे एकच होते. दोघेही आपापल्या परीने सरकारला एकच गोष्ट सांगत होते: आम्हांला मोजायचे तर यांच्यासकट मोजा.

इतिहासाने काही शिकवले असेल तर ते इतकेच, की जनावराच्या मदतीत रकमेइतकेच वेळेला महत्त्व आहे, आणि मृत्यूपेक्षा जीवनाचा दाखला आधी मागितला पाहिजे. छावणी पाऊस हुकल्यावर नव्हे, गंजी निम्मी झाल्यावर उघडावी. आणि ती ठरावाची कृपा न राहता, रोजगार हमीप्रमाणे हक्काची गोष्ट व्हावी. हे करणे सरकारचे काम आहे. पण ते मागणे आपले काम आहे. सार्वजनिक सभेच्या माणसांना दुष्काळाच्या झळा स्वतःला लागत नव्हत्या. तरी ती गावोगाव गेली. आपण येथून उठून घरी जाऊ तेव्हा उद्या सकाळी दारात दुधाची पिशवी असेलच. ती ज्या दावणीहून आली, तेथे गंजीत पेंढ्या किती उरल्या आहेत, एवढा प्रश्न मनात घेऊन आपण उठलो, तरी आजची संध्याकाळ वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.